जेवण म्हणायचं नाही, विस्तार म्हणायचं

या, बसा. पंखा लावलाय. चहाचं बघतेच मी, पण आधी हे ऐका. आज सकाळी शेजारच्यांच्या नातवाचा निबंध तपासायला बसले आणि सगळं आठवलं. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. अशी काही फजिती झाली होती माझी, की नंतर कितीतरी दिवस 'प्रस्तावना' हा शब्द कानावर पडला की घशाला कोरड पडायची. हसू नका, ऐका तर खरं.

मी तेव्हा जाफराबाद तालुक्यात एका खेड्यावर शिक्षिका होते. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. जाफराबादहून जीप मिळायची, पण ती भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली की खुद्द ड्रायव्हरलाच बसायला जागा उरायची नाही. आमचे हे नोकरीला अंबडला. आमची सोनू तेव्हा एवढीशी, नुकती बोलायला लागलेली, तीही अंबडलाच, आजीपाशी. शनिवारी शाळा सुटली की मी जीप, मग जालन्याची एसटी, मग अंबडची एसटी अशी धक्के खात दिवेलागणीला घरी पोहोचायची आणि रविवारी परत पिशवी उचलायची.

एका शनिवारी गेले, तर सोनू आजीच्या पदराआड लपली. सासूबाई म्हणाल्या, अगं, बघ तरी कोण आलंय. तर ही काय म्हणाली असेल?

"बाई आल्यात."

गल्लीतले सगळे मला बाई म्हणायचे, तिनं तेच उचललं. आजीला आई आणि मला बाई. सासूबाई हसल्या, मीही हसले, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायच्या निमित्तानं पोटभर रडून घेतलं.

बदलीचा अर्ज मी लगेच टाकला. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, स्वभावानं भला माणूस. ते म्हणाले, "बाई, अर्जावर विस्तार अधिकाऱ्यांची शिफारस लागते. होळीच्या आसपास तपासणीला येतील ते. वर्ग चांगला दाखवा, शेरा चांगला पडला की तुमचं अंबड पक्कं." विस्तार अधिकारी म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासणारे साहेब. आणि हे साहेब म्हणे भाषेचे मोठे शौकीन. पाढे, नकाशे पाच मिनिटांत उरकतात, पण निबंध ऐकल्याशिवाय वर्गातून हलत नाहीत.

निबंध म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. कारण माझ्या सातवीचा निबंध म्हणजे काय होता? 'गाय' असा विषय दिला, तर विष्णू नावाच्या पोरानं लिहिलं होतं, 'गाय दूध देते. आमची म्हैस आटली.' संपलं. खाली रेघ मारून मोकळा. मी रोज फळ्यावर लिहायची, निबंधाचे तीन भाग: प्रस्तावना, विस्तार, समारोप. पोरं ते तालासुरात म्हणायची, अगदी आरतीसारखं. पण वही उघडली की म्हैस आटलेलीच.

एकदा छबूच्या घरी गेले. छबू माझ्या वर्गातली, हुशार, पण हिचाही निबंध उंबऱ्यातच आडवा पडायचा. मी गेले तशी तिनं आधी तांब्याभर पाणी आणून दिलं. मग तिच्या आईनं बसवून घेतलं, गप्पा झाल्या, नको नको म्हणताना भाकरी आणि पिठलं खायला लावलं. निघताना हातावर सुपारी ठेवली. आणि रस्त्यानं येता येता माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, हाच की निबंध! ह्या पोरांना हे शिकवायला मी कोण? जन्मापासून येतंय त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि म्हटलं, पोरांनो, विषय म्हणजे पाव्हणा. पाव्हणा दारात आला की आधी काय देता? पाणी. ती प्रस्तावना. मग काय? जेवण. तो विस्तार, तिथं हात आखडायचा नाही, पोटभर वाढायचं. आणि जाताना? सुपारी. तो समारोप. सुपारी दिली की पाव्हण्याला कळतं, आता उठावं.

काय सांगू, आठवड्यात वर्ग पालटला. पोरं एकमेकांचे निबंध तपासायला लागली. एक म्हणायचा, बाई, ह्यानं पाव्हण्याला पाणी न देताच ताटावर बसवलं. दुसरी म्हणायची, बाई, हिनं सुपारी दोनदा दिली. विष्णूचासुद्धा निबंध पानभर झाला. मी खूश. शनिवारी एसटीत बसल्या बसल्या मला अंबडची शाळा दिसायची, आणि शाळेच्या दारात आजीचं बोट धरून उभी असलेली सोनू.

मग एक दिवस वर्गात सांगितलं की पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी येणार. छबूनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, म्हंजे जेवणाचे साहेब का?"

मी पोट धरून हसले. तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं, नाही का? पण नाही. मी आपली हसतच मोठ्या गुरुजींना ती गंमत सांगायला गेले, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की ह्या साहेबांवर कुणीतरी वर अर्ज केलाय. तपासणीला जातात तिथं गावरान कोंबडी कापायला लावतात, असा. खरं-खोटं देव जाणे, पण तेव्हापासून साहेब जेवणाचा शब्द निघाला तरी भडकतात. एका शाळेत मास्तरांनी नुसतं 'जेवून जा' म्हटलं, तर त्यांच्या शेऱ्यात लाल शाईच लाल शाई.

"त्यांच्यापुढं खाण्यापिण्याचं नाव काढू नका, बाई," मोठे गुरुजी म्हणाले. "बिलकुल नाही."

आता माझी अवस्था बघा. सगळा वर्ग मी जेवणावर शिकवलेला. साहेब निबंध विचारल्याशिवाय राहणार नाहीत, आणि पोरं निबंध म्हटलं की ताट वाढणार. माझी झोप उडाली. शनिवारी अंबडला गेले, तरी जेवताना घास घशाखाली उतरेना. सासूबाईंना वाटलं, काही दुसरीच गोड बातमी आहे. त्यांनी लिंबाचं लोणचं पुढं केलं. त्यांना काय सांगणार?

तपासणीच्या दिवशी सकाळी मी पोरांना लवकर बोलावलं. म्हटलं, नीट ऐका. आज वर्गात खाण्यापिण्याचा शब्द काढायचा नाही. पाणी म्हणायचं नाही, प्रस्तावना म्हणायचं. जेवण म्हणायचं नाही, विस्तार म्हणायचं. सुपारी म्हणायचं नाही, समारोप म्हणायचं. कळलं? आणि हे बाईंनी सांगितलं असं कुणालाही सांगायचं नाही.

"हाव, बाई," पोरं म्हणाली. दोन-चारदा म्हणूनही दाखवलं. गुणी लेकरं हो, सांगितलेलं तंतोतंत करणारी. तिथंच तर घात झाला.

तेवढ्यानंही माझं समाधान होईना. मोठे गुरुजी म्हणाले होते 'खाण्यापिण्याचं'. म्हणजे पिण्याचंही आलं की नाही? वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ असायचा, वर पेला उपडा घातलेला. मी म्हटलं, नको. मी आणि छबूनं मिळून तो माठ उचलला, साहित्याच्या खोलीत नेऊन नकाशांच्या मागं ठेवला आणि कडी घालून कुलूप लावलं. माठाखालची ओली जागासुद्धा मी फडक्यानं पुसून घेतली. चोरसुद्धा इतकी काळजी घेत नाही.

साहेब आले ते बारा वाजता, फटफटीवर, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून. अंगानं भरलेले, मिशा मोठ्या, पायापासून भुवयांपर्यंत फुफाटा. खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली आणि खाकरले. मोठे गुरुजी दारात हात जोडून उभे. साहेबांनी चौफेर नजर फिरवली, कोपऱ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, पुन्हा खाकरले. मी मनात म्हटलं, आटोपलं, ह्यांना काहीतरी खटकलंय.

पाढे झाले. नकाशावर जालना दाखवून झालं. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते, तेवढ्यात विष्णू उभा राहिला.

"बाई, प्रस्तावना प्यायला जाऊ का?"

साहेबांचा पेन थांबला. मी डोळ्यांनीच विष्णूला बस म्हणाले. तो बसतो न बसतो, तोच मागच्या रांगेतून तक्रार आली की बाई, ह्यानं माझा विस्तार सांडला. वळून बघते तर खरंच, एकीच्या डब्यातली भाजी सतरंजीवर. आणि लगोलग तिसरा, "बाई, गण्या समारोप चघळून राह्यला."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ही कुठली भाषा?"

मी पदर सावरला. म्हटलं, "ग्रामीण भाग आहे, साहेब."

साहेब म्हणाले, मीपण ग्रामीणच आहे. मग त्यांनी नेमकी छबूलाच उभी केली.

"पोरी, मी कोण?"

"विस्तार अधिकारी."

"शाब्बास. मग मला सांग, विस्तार म्हणजे काय?"

छबूनं माझ्याकडं पाहिलं. मी फळ्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "बाईनं न्हाई म्हणलंय सांगायचं."

"मी विचारतोय ना? सांग."

"जेवण."

आणि एकीनं सांगून टाकलं म्हटल्यावर बाकीच्यांना कोण धरतंय? सकाळपासून तोंड दाबून बसलेली पोरं ती. सगळा वर्ग एका सुरात गरजला: प्रस्तावना म्हंजे पाणी, विस्तार म्हंजे जेवण, समारोप म्हंजे सुपारी. दारातल्या मोठ्या गुरुजींनी डोळेच मिटून घेतले.

साहेब उठून उभे राहिले. आवाज एकदम खाली. "म्हणजे मी जेवण अधिकारी. असं शिकवता तुम्ही इथं?"

"नाही, साहेब, तुमच्यावरून नाही," मी म्हटलं. "तुम्ही यायच्या आधीपासून आम्ही जेवणच शिकवतोय."

"बाई, त्या अर्जाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता इथं माणसानं काय म्हणावं? 'कुठला अर्ज, साहेब' एवढं म्हणून गप्प बसावं. मी म्हटलंही तेवढंच. पण जीभ थांबेल तर ना.

"कुठला अर्ज, साहेब? कोंबडीचा?"

खरं सांगते, त्या क्षणी शाळेच्या पत्र्यावर पाल सरकली असती तरी ऐकू आली असती. साहेब माझ्याकडं बघतायत, मोठे गुरुजी जमिनीकडं बघतायत, आणि मला कुठं काही दिसतच नाही. फक्त सोनू दिसतेय. मोठी झालेली, परकर-पोलक्यातली, शेजारणीला सांगणारी की ह्या बाई दर शनिवारी आमच्याकडं येतात.

माझा बांध फुटला. मी बोलायला लागले आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. आटलेली म्हैस, छबूच्या घरचं पिठलं, पाव्हणा, सुपारी, बदलीचा अर्ज, सोनू, पदर, 'बाई आल्यात', सकाळचा पढवलेला पाठ, सगळं. कुठं सुरू केलं आणि कुठं संपवलं मलाच माहीत नाही. पोरांना वर्षभर निबंधाची बांधणी शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या जिवावर आलं तेव्हा ना शेंडा ना बुडखा. तोंडाला पदर लावून उभी राहिले, बस.

साहेब खाली बसले. मग खाकरून छबूला म्हणाले, "उन्हाळा. बोल. कसा वाढतेस बघू."

छबूनं वेणी मागं टाकली आणि सुरू केलं. "पाव्हणे येतात तवा आम्ही दारात वाट बघतो. उन्हाळ्याची कुणी वाट बघत न्हाई, तरी तो बराबर येतो." ही प्रस्तावना. मग तिनं विहिरीचा तळ वाढला, पाण्याच्या खेपा वाढल्या, लिंबाखाली लोळणारी कुत्री वाढली, रात्री अंगणात टाकलेल्या बाजा आणि आजोबांच्या गोष्टी वाढल्या. आणि शेवटी म्हणाली, "उन्हाळा जाताना म्हणतो, येतो बरं का. आम्ही म्हणतो, ये बाबा, पण जल्दी करू नको."

मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं. साहेबांच्या मिशा हलल्या. हसले की काय, कळेना. मग ते वर्गाला उद्देशून म्हणाले, "विषय म्हणजे पाहुणा. बरोबर?"

"हाव."

"आणि पाहुणा आला की सगळ्यात आधी काय?"

"प्रस्तावना!" वर्गानं पत्रे हादरवले.

साहेब माझ्याकडं वळले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, जाफराबादपासून ऊन खात आलोय. घसा सुकून लाकूड झालाय. अर्ज जेवणाचा होता, पाण्याचा नव्हता. मला थोडी प्रस्तावना मिळेल का?"

म्हणजे तो माणूस मघापासून खाकरत होता तो रागानं नाही हो. तहानेनं! कोपऱ्याकडं बघत होता तो चुका शोधायला नाही, माठ शोधायला. आणि माठ कुठं? कुलपात, नकाशांच्या मागं. मी धावले. कमरेला किल्ली नाही, टेबलावर नाही, पर्समध्ये नाही. पाणी आहे, पाहुणा आहे, मधे कुलूप. मोठे गुरुजी कुलपाला दगड घालायला निघाले, तोवर छबू घरी पळत जाऊन तांब्या घेऊन आली. साहेबांनी तो उंचावरून घटाघटा रिकामा केला आणि दुसरा मागितला. किल्ली माझ्या पदराच्या गाठीतच निघाली, पण कधी, तर साहेबांचं पिऊन झाल्यावर.

मोठ्या गुरुजींनी भीत भीत विचारलं, साहेब, मग आता... आणि पुढं त्यांची जीभ वळेना. साहेब म्हणाले, विस्तार राहू द्या, तो माझ्या हुद्द्यातच आहे. समारोप असेल तर द्या. गण्यानं खिशातून सुपारीचं खांड काढून पुढं केलं. साहेबांनी ते घेतलं, हो, आणि मगच फटफटीला किक मारली.

शेरेबुक उघडायचं धाडस मला होईना. मोठ्या गुरुजींनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिलं होतं, 'निबंध-अध्यापन परिणामकारक. विस्तार भरपूर. समारोप वेळेवर. प्रस्तावना मागून घ्यावी लागली. बदलीची शिफारस करीत आहे.'

त्या उन्हाळ्यात मी अंबडला आले. सोनूला मला आई म्हणायला थोडे दिवस लागले. एका दुपारी मी शाळेतून येऊन दारात चपला काढत होते, तर ती आतून दोन्ही हातांनी तांब्या धरून, अर्धं पाणी अंगावर सांडत आली आणि म्हणाली, 'आई, पाणी.' मी तिथंच उंबऱ्यावर बसले. माझ्या बदलीची प्रस्तावना तीच, मी तरी असंच समजते. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला: जग इकडचं तिकडं होवो, दारात कुणी आलं की आधी पाणी, मग बोलणं. आजवर त्यात चूक केली नाही मी...

अगं बाई. तुम्ही कधीच्या येऊन बसलाय. आणि एवढ्या उन्हातनं आलात तुम्ही, मी तुम्हाला पाणी तरी विचारलं का?